स्थितीचा रकाना

बाबा जाऊन दोन महिने होतात न होतात तोच वारसा कराचं पत्र आलं. दादाच्या आणि माझ्या, दोघांच्या नावानं, कारण घर बाबांनी दोघांना ठेवलं होतं. खाली रस्त्याच्या बाजूला दादाचा सुतारकामाचा कारखाना, त्याच्या मागं दोन खोल्यांत दादा-वहिनीचा संसार, आणि वर एकच खोली, ती माझी. दादानं पत्र उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि रंध्याखाली ठेवून दिलं. सरकारी कागद आला की त्यावर काहीतरी जड ठेवायचं, ही त्याची पद्धत. माझं तसं नाही. एखादी गोष्ट कळली नाही की मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीसमोर उभी होते.

"हा कर कशाचा?"

"वारशाचा."

"ते वाचता येतं मला. पण का?"

खिडकीतल्या माणसानं हातातलं पेन खाली ठेवलं. "बाई, 'का' ते वरच्या मजल्यावर विचारायचं. या खिडकीत फक्त 'किती'."

बरं, मग किती ते तरी सांगा, म्हटलं. माणूस भला होता. त्यानं माझंच पत्र उलटं करून पाठीवर आकृती काढून दाखवली. घराची किंमत दोन तुकड्यांत धरतात. एक जागेची, ती गल्लीच्या दरानं. आणि तो दर ठरतो गल्लीत झालेल्या शेवटच्या खरेदीवरून. दुसरी बांधकामाची, ती स्थितीवरून. स्थितीच्या रकान्यात तीनच शब्द चालतात: उत्तम, मध्यम, जीर्ण. जीर्ण लिहिलं तर बांधकाम शून्य धरतात. दोन्हींची बेरीज माफीच्या मर्यादेत बसली तर कर नाही. दमडीभर जरी वर गेली तर सगळ्या रकमेवर कर.

"अहो, दमडीभर वर गेली तर दमडीवर घ्या ना कर! सगळ्यावर कशाला?"

"वरच्या मजल्यावर," तो म्हणाला.

वरच्या मजल्यावर गेले तर तिथं कुलूप. परत येताना बसमध्ये मी हिशेब केला. नुसती जागा मर्यादेच्या आत बसत होती, जेमतेम. घर धरलं की बाहेर, मग मध्यम म्हणा नाहीतर उत्तम. पाच वर्षांच्या हप्त्यानं भरायचं म्हटलं तरी दादाच्या कमाईतून आणि माझ्या शिवणातून एवढे पैसे निघणं शक्य नव्हतं. भाड्यानं देण्यासारखी घरात एकच जागा होती. माझी खोली.

या खोलीचं सांगते, म्हणजे मी पुढं जे केलं त्याबद्दल कुणी मला एकदम नावं ठेवणार नाही. अकरा वर्षांपूर्वी मी एक शिलाई मशीन आणि एक ट्रंक घेऊन नवऱ्याच्या घरातून परत आले. बाबांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन वर आले आणि उत्तरेकडची भिंत फोडायला लागले. वहिनी घाबरली, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाली. तीन दिवसांत तिथं खिडकी बसली. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन येत नाही, दोऱ्याचा रंग खरा दिसतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आजही संध्याकाळी साडेचारला मी तिथं काळ्या कापडावर काळा टाका घालू शकते. खाली कारखान्यात पांढरं कापड दहा मिनिटं उघडं ठेवलं तर भुशानं पिवळं पडतं. ती खोली गेली म्हणजे माझं काम गेल्यातच जमा होतं.

म्हणून ठरवलं, घर जीर्ण निघालं पाहिजे.

आणि इकडं दादाचं काय चाललं होतं? मूल्यांकन करायला बाई येणार म्हटल्यावर त्यानं दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. चौकटींना पॉलिश मारलं. बाहेरच्या कठड्याचा एक गज हलत होता, तो बदलला.

"दादा, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" मी कडाडले. "दार करकरू दे ना! करकरण्यावर आपल्याला सूट आहे!"

"बाहेरचं माणूस बाबांचं घर बघायला येणार," तो म्हणाला, "आणि दार करकरणार?"

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!"

"दांडा मीच केलेला असेल तर चांगला असेल," तो म्हणाला आणि पॉलिशचा बोळा पुन्हा बुडवला. दादाशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी मध्ये चहाचे कप घेऊन उभी होती, तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

तेवढ्यात समोरचा चष्मेवाला आत आला. समोरचं घर त्यानं गेल्या वर्षीच विकत घेऊन खाली दुकान थाटलं होतं. त्याला एक खुर्ची दुरुस्त करून हवी होती, पण आमचा विषय कानावर पडल्यावर खुर्ची राहिली बाजूला.

"मला सांगा ताई, तुम्ही रडताय कशाला? मी वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून पैसे साठवले. त्या पैशावर आधीच कर भरलेला. घर घेतलं त्या दिवशी सरकारनं पुन्हा हात पुढं केला. दिले. आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत? बापाच्या पोटी जन्म घेतलात."

"ते सोपं नव्हतं. तुम्ही बाबांना ओळखत नव्हता."

दादासुद्धा हसला. पण चष्मेवाल्याचं बोलणं मला लागलं, कारण त्यात खोट काढता येईना. मग मी त्याला चिडून सांगितलं की गल्लीतली शेवटची खरेदी त्याचीच, तिच्यामुळेच दर चढला, तो आला नसता तर आम्ही घरासकट ऐसपैस मर्यादेत बसलो असतो.

"म्हणजे मी कर भरायचा, आणि वर शिव्याही मीच खायच्या?" तो म्हणाला. खुर्ची तशीच टाकून गेला.

बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी दादा कपाट पोचवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. वहिनी त्याच्याबरोबर. मी कामाला लागले. आधी बैठकीच्या भिंतीवर उरलेला चहा शिंपडला, ओल आल्यासारखी दिसावी म्हणून. ओल मस्त जमली. मग जिना.

आमच्या जिन्याला एकही खिळा नाही. प्रत्येक पायरी बाजूच्या फळीत खाचेत बसवलेली आणि बाहेरून लाकडी पाचर ठोकून आवळलेली. बाबा म्हणायचे, खिळा गंजतो, पाचर मुरते. चौथ्या, सातव्या आणि नवव्या पायरीची पाचर मी काढली. मोडून टाकायला हव्या होत्या, पण सुताराच्या मुलीला तेवढं कुठलं सुचायला! लाकडी ठोकळा लावून हळूच उलट्या बाजूनं ठोकल्या, एक टवका उडू दिला नाही, प्रत्येकीवर खडूनं पायरीचा आकडा घातला आणि फडक्यात गुंडाळून ठेवल्या. चढून पाहिलं. जिना असा कुरकुरला की माझ्याच अंगावर काटा आला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खोली आठवली आणि मन घट्ट केलं.

मोजणीबाई दहाच्या ठोक्याला आली. निवृत्तीला टेकलेली, चपटे बूट, खांद्याला पिशवी, हातात पोलादी टेप. मी समजत होते कुणीतरी तुसडी असेल. ही तर प्रत्येक वस्तूला हात लावून बघत होती. कपाटाचं दार उघडून वास घेतला. "हे कुठलं लाकूड?" "ही कडी इकडून का?" दादाला विचारणारं माणूस मिळालं, त्याची कळी खुलली.

बैठकीत आल्यावर ती माझ्या ओलीपाशी थांबली. बराच वेळ बघत राहिली.

"चहात साखर जरा कमी घालत जा," ती म्हणाली.

मी जवळ जाऊन पाहिलं. ओलीवर मुंग्यांची रांग लागली होती. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. माझे कान गरम झाले.

"एकतीस वर्षं मोजतेय," मोजणीबाई म्हणाली, मुळीच न रागावता. "लोक कौलं काढून ठेवतात. एकानं तर उंदीर आणून सोडले होते. चला, वर जाऊ."

जिन्यावर ती पुढं, दादा मागं, मी त्याच्या मागं. चौथी पायरी कुरकुरली. बाई वाकली, रिकाम्या खाचेत बोट घालून बोटाकडं पाहिलं.

"धूळ नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

दादानंही वाकून पाहिलं. खाचेकडं, मग सातवीकडं, मग नववीकडं. त्याला कळायला एक क्षणही लागला नसणार. त्या पाचरी बसवताना तो बाबांच्या हाताखाली होता. तो वळला आणि माझ्याकडं पाहिलं. आता हा गल्ली गोळा करणार, असं मला वाटलं. पण तो मूग गिळून वर चढत राहिला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

वर बाईनं खोली मोजली आणि खिडकीपाशी येऊन उभी राहिली. माझी मशीन, कातरलेलं कापड, भिंतीवर टांगलेली मापं. मला राहवेना. चार नंबरच्या खिडकीत उत्तर मिळालं नव्हतं, इथं तरी विचारावं.

"मॅडम, मला एक सांगा. बाबांनी जागा घेतली तेव्हा खरेदीचा कर भरला. लाकूड आणलं तेव्हा लाकडावर भरला. दरवर्षी घरपट्टी भरली. आता ते मेले, तर मेल्याचाही कर?"

"मेल्याचा नाही हो. तुम्हाला मिळाल्याचा."

"मला काय मिळालं? मी इथंच राहत होते."

"हं," ती म्हणाली. "हे मला आधी कुणी म्हणालं नव्हतं." आणि हातातली टेप गुंडाळली. मग म्हणाली, "तुमच्या वडिलांनी जागा घेतली तेव्हा इथं काय होतं?"

"चिखल," दादा म्हणाला. "बस यायची नाही."

"आता कोपऱ्यावर दवाखाना आहे, शाळा आहे, रस्ता आहे. जागेची किंमत त्यानं वाढली. दवाखाना तुमच्या वडिलांनी बांधला का?"

"दवाखान्याची दारं त्यांनी केली."

"पैसे घेऊन ना?"

"घेऊन," दादानं कबूल केलं.

"मग वाढलेल्या किमतीत थोडा वाटा गल्लीचाही झाला की नाही? मी भाड्याच्या घरात राहते. माझ्या वडिलांनी मला एक छत्री ठेवली. तिच्यावर कर लागला नाही." ती हसली, पण मग लगेच म्हणाली, "तरी तुमचं म्हणणंही मला खोटं वाटत नाही. ज्या घरात माणूस राहतं ते विकायला काढल्यासारखं मोजायचं, हे मलाही कधीकधी खटकतं. आणि ती मर्यादा, दमडीभर इकडं की तिकडं, ती तर कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत ठरवली असावी."

"मग बरोबर काय?"

"बाई, मी लांबी-रुंदी मोजते," ती म्हणाली.

आम्ही खाली आलो. बाईनं बाकावर कागद पसरला. जागेचा आकडा तिनं लिहिला, खोल्यांची मापं लिहिली. स्थितीचा रकाना कोरा ठेवला.

"हा रकाना मी भरत नाही," तिनं समजावलं. "वारसांनी तोंडानं सांगायचं, एकेकानं, मोठ्यानं. मग मी वाचून दाखवते आणि तुम्ही सही करता. दोघांचा शब्द एकच हवा. मी पाहिलेलं शेवटच्या रकान्यात लिहिते. तो कुणी वाचत नाही. तुमचं बोलणं खोटं ठरवायचं तर माझ्या साहेबांना इथवर येऊन जिना चढावा लागेल, आणि त्यांचे गुडघे दुखतात."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं, आणि तरी वाट मोकळी होती. फक्त एक शब्द. मी दादाकडं पाहिलं. हा काही जीर्ण म्हणायचा नाही, याची मला खात्री होती. हा आता जिन्याच्या खाचा दाखवून सगळं भडाभडा ओकणार.

"थोरले आधी," बाई म्हणाली. "जीर्ण सांगणार असाल तर पूर्ण वाक्य म्हणावं लागतं. हे असं." तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला.

दादा उठून उभा राहिला. त्याचा हात जिन्याच्या कठड्यावर होता, सवयीनं अंगठा लाकडावर फिरत होता. तो वर्गात उभं केलेल्या मुलासारखा वाचायला लागला.

"या बांधकामाला आज रोजी काही मूल्य उरलेलं नाही. लाकूडकाम..." तो थांबला. घसा साफ केला. "लाकूडकाम कमकुवत असून ते पाडण्यायोग्य आहे. स्थिती जीर्ण."

माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. वहिनी दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस, ज्याला दार करकरलेलं सहन होत नव्हतं, तो बाबांच्या जिन्याला हात लावून हे बोलला. माझ्या खोलीसाठी बोलला. मला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं घडलं होतं, आणि मला माझीच लाज वाटली.

"आता तुम्ही," बाई म्हणाली.

"उत्तम," मी म्हणाले.

"काय?" दादा ओरडला.

"उत्तम. लिहा मॅडम."

"तिचं ऐकू नका," दादा बाईला म्हणाला. "मी सुतार आहे, मला कळतं. खिळखिळा झालाय जिना."

"मी केला तो खिळखिळा! तू पाहिलंस, तुला माहिती आहे!"

"तुझी खोली जाईल!"

"जाऊ दे!"

"ती खिडकी बाबांनी तुझ्यासाठी काढली, आणि तू..."

"मग ती खिडकी काय पाडण्यायोग्य आहे? मूल्य उरलेलं नाही? आणि तुझ्या तोंडून? आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीस, आणि आज बोललास ते बाबांवर?" माझा आवाज फुटला. "मी नाही सही करणार त्याच्यावर. मेले तरी नाही."

बाहेरून चष्मेवाल्याच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

"शब्द एकच हवा," मोजणीबाई हळूच म्हणाली. "मी थांबते. मला घाई नाही."

दादा बाकावर बसला. मग त्यानं बाईकडं न बघताच विचारलं, "मधला शब्द नाही का? मध्यम?"

"आहे. पण मध्यम काय आणि उत्तम काय, तुम्ही मर्यादेच्या बाहेरच जाता. मध्यमवर कर थोडा कमी लागतो, एवढंच."

"मग उत्तमच लिहा," तो म्हणाला. "भरायचाच आहे तर नीट भरू."

वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! दोघंही सारखेच!"

बाईनं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही सह्या केल्या. माझी सही वाकडी आली. निघताना तिनं शेवटच्या रकान्यात चार-पाच ओळी खरडल्या. काय लिहिलं ते दाखवा म्हटलं तर नियमात बसत नाही म्हणाली, आणि टेप पिशवीत टाकून गेली. मग मी फडकं आणून दादापुढं ठेवलं, आणि त्यानं आकडे बघून तिन्ही पाचरी परत ठोकल्या.

कर बरोबर होता की चूक, ते मला अजून कळलेलं नाही. चष्मेवाल्याचं ऐकलं की तो बरोबर वाटतो, बाबांची आठवण आली की मी बरोबर वाटते. वरच्या मजल्याचं कुलूप उघडलेलं असेल त्या दिवशी पुन्हा जाणार आहे, सोडणार नाही. पण पहिला हप्ता त्यासाठी थांबणार नव्हता. महिन्याभरात खोलीला भाडेकरू मिळाला, शाळेतली एक शिक्षिका, आणि मला सामान खाली आणायचं होतं.

दादानं रस्त्याकडच्या दारापाशी माझ्यासाठी जागा केली. त्याचा बाक तिथं तीस वर्षं होता, तो ओढून मागं अंधाराच्या बाजूला नेला. मी नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. मग आम्ही मशीन आणायला वर गेलो. मशीनची एक बाजू त्यानं धरली, आणि उचलायच्या आधी थांबून म्हणाला,

"राग आला नाही का गं तुला? खोली गेल्याचा?"

"आला. अजून आहे."

"मग का केलंस तसं?"

"तू खोटं बोलताना फार वाईट दिसतोस, दादा."

तो हसायला लागला. बाबा गेल्यापासून एवढा हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं. शेवटी त्याला मशीन सोडून डोळे पुसावे लागले, आणि ते नुसतं हसणं नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग दुसरी बाजू नीट धर म्हणाला, आणि आम्ही खोलीबाहेर पडलो.